आधी पाळा, मग कळेल: ख्रिस्ती विश्वासात जगण्याला अर्थ कसा येतो, टप्प्याटप्प्याने

‘रविवारी उपासनेला जातो, बायबल वाचतो, प्रार्थनाही करतो. तरी सोमवारी सकाळी लोकल पकडताना वाटतं, हे सगळं कशासाठी?’ मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या आपल्या लोकांत, कोणाशीही जरा मोकळेपणाने बोललं की हा प्रश्न निघतोच. विचारणाऱ्याची श्रद्धा बहुतेक वेळा ठीक असते, क्रम चुकलेला असतो. आधी आतून काहीतरी जाणवू दे, जगण्याचा अर्थ सापडू दे, मग आज्ञा पाळायला लागू, असं धरून माणूस वर्षानुवर्षं थांबून राहतो.

शास्त्रात क्रम उलटा आहे. जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे त्याला शिकवण कोणाकडून आली ते कळेल, असं येशू योहान ७:१७ मध्ये सांगतो. योहानाच्या १५व्या अध्यायातही दहाव्या वचनात आज्ञा पाळणं आहे आणि अकराव्यात आनंद. पुढचे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. दुसरा टप्पा अवघड वाटतो म्हणून पुष्कळ जण तो गाळून तिसऱ्यावर उडी मारतात. तसं करू नका.

## सुरू करण्यापूर्वी

बायबल छापील घ्या. मोबाइलवरचं चालतं, पण त्याच पडद्यावर ऑफिसचा ग्रुप आणि क्रिकेटचा स्कोअरही उघडतो. जुन्या भाषांतराची भाषा जड जात असेल तर जवळ एक सोपं मराठी भाषांतर ठेवा. कॅथलिक असाल तर तुमच्या चर्चमध्ये वापरतात तेच घ्या.

साधी वही. सुंदर डायरी नको. सुंदर डायरीत माणूस सुंदर वाक्यं लिहायला लागतो आणि आपल्याला इथे हिशेब लिहायचा आहे.

ठरलेली वीस मिनिटं. दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही चालू असताना ‘शांत वेळ’ मिळत नाही, हे मान्य. मग घर उठायच्या आधी, गच्चीवर किंवा ऑफिसला वीस मिनिटं लवकर पोचून बसा. जागा कोणतीही चालेल, वेळ रोज तीच हवी.

तीन महिन्यांची मुदत. त्याआधी ‘उपयोग झाला की नाही’ हे ठरवायचं नाही.

> तपासणी: वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहा, ‘मी आज्ञा का पाळणार आहे?’ उत्तर ‘म्हणजे देव माझं काम करेल’ किंवा ‘म्हणजे देव मला स्वीकारेल’ असं आलं तर थांबा आणि इफिसकरांस पत्र २:८-१० वाचा. तिथे तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने मिळतं, कर्मांनी नाही, आणि सत्कृत्यं त्यानंतर येतात. नवस फेडतो तसं आज्ञापालन केलंत तर पहिल्याच आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर सगळं सुटेल.

## टप्पा १: सध्या आपण कशासाठी जगतोय ते लिहून काढा

पहिल्या आठवड्यात बायबलमधलं उपदेशक हे पुस्तक वाचा. बाराच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. दुसऱ्या अध्यायात उपदेशकाने काय काय करून पाहिलं त्याची यादी आहे: घरं बांधली, द्राक्षमळे लावले, सोनंरूपं साठवलं, गायक ठेवले. यातली एकही गोष्ट वाईट म्हणून सोडलेली नाही. मनासारखी मिळाली, तरीही शेवटी हाताशी काही उरलं नाही, अशी तक्रार आहे. पुस्तकाचा निष्कर्ष १२:१३ मध्ये येतो: देवाचं भय धर आणि त्याच्या आज्ञा पाळ.

आता स्वतःची यादी करा. ती मनाला विचारून करू नका, मन चांगलंच उत्तर देतं. तीन ठिकाणी बघा: गेल्या महिन्याचं बँकेचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट, फोनमधला ‘स्क्रीन टाइम’, आणि रात्री झोप न येता डोक्यात फिरणारे विषय. जिथे धन तिथे मन, हे मत्तय ६:२१ इथे अगदी शब्दशः लागू पडतं. मुलांसाठी जगतो असं म्हणणाऱ्याच्या फोनवर रोज साडेतीन तास रील्स निघाले तर वहीत रील्सच लिहायचे.

नेहमीची चूक: यादी पाहून घाबरून सगळं एकदम सोडायचा संकल्प. या टप्प्यात काहीही सोडायचं नाही, फक्त खरं लिहायचं.

## टप्पा २: जुनी येणी-देणी मिटवा

लोक सर्वांत जास्त इथून पळतात. देवाजवळ रडून क्षमा मागणं सोपं असतं. सख्ख्या भावाच्या दारात जाणं जड जातं.

मत्तय ५:२३-२४ नीट वाचा. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि आठवलं की *तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे*, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. आपण बहुतेक उलटं वाचतो, म्हणजे आपल्याला कोणाचा राग आहे ते शोधत बसतो. इथे आपल्यामुळे कोण दुखावलं आहे हे आठवायचं आहे.

वहीत दोन रकाने करा, माणूस आणि विषय. बांधावरून झालेली मारामारी, सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव परस्पर कमी करून घेणं, उसने घेऊन विसरलेले पैसे, सुनेला चारचौघांत बोललेले शब्द, ऑफिसात दुसऱ्याच्या माथी मारलेली चूक. मग या क्रमाने जा:

१. सगळ्यांत छोटं प्रकरण आधी. सर्वांत मोठ्याने सुरुवात केली तर पहिल्या नकारातच धीर सुटतो.

२. माफीत ‘पण’ नको. ‘माझं चुकलं, पण तूही…’ हे वाक्य म्हणजे भांडणाची पुढची तारीख. ‘त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला खोटारडी म्हणालो. ते चुकीचं होतं. मला क्षमा कर.’ एवढं बोलून गप्प बसा.

३. पैशाचं प्रकरण पैशानेच मिटवा. लूक १९ मधला जकातदार जक्कय ज्यांना नाडलं त्यांना चौपट द्यायला निघाला. गणना ५:७ मध्ये इस्राएलासाठी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असा नियम होता. वीस हजार बुडवले असतील तर त्या हिशेबाने चोवीस हजार होतात. तो नियम आज तुमच्यावर कायदा म्हणून नाही, पण मुद्दल तरी परत गेलंच पाहिजे. एकदम जमत नसेल तर हप्ता ठरवा, तारीख सांगा आणि पहिला हप्ता त्याच भेटीत द्या. जमिनीच्या नोंदीचा विषय असेल तर तोंडी माफी पुरत नाही, तलाठ्याकडे आणि गरज पडली तर वकिलाकडे जाऊन कागद सरळ करावा लागतो.

४. समोरच्याने क्षमा केली नाही तरी नाव खोडा. शक्य असेल, तुमच्याकडून होईल तितकं शांततेने राहा, असं रोमकरांस पत्र १२:१८ सांगतं. त्या ‘तुमच्याकडून’ला मर्यादा आहे.

> सावधान: ज्या माणसाने मारहाण केली, छळ केला, त्याच्याकडे समेटासाठी एकटीने किंवा एकट्याने जायचं नाही. क्षमा करणं आणि पुन्हा त्याच्या तावडीत जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्हा घडला असेल तर तो पोलिसांचाही विषय आहे, मंडळीत ‘आतल्या आत’ मिटवायचा नाही. आणि तुमच्या कबुलीने तिसऱ्याच माणसाचं घर मोडणार असेल तर आधी पाळकांशी किंवा फादरांशी बोला.

कॅथलिक वाचकांनी हा टप्पा प्रायश्चित्ताच्या संस्काराला जोडून करावा. पण कबुलीनंतर नुकसानभरपाईचा भाग उरतोच, तो विसरू नका.

## टप्पा ३: वाचा, पण पाळण्यासाठी

यादीतली निदान एक-दोन नावं खोडल्यावर मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं. रोज एकच प्रसंग. त्यानंतर मत्तय ५ ते ७, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन. ते मात्र रोज चार-पाच वचनांहून जास्त वाचू नका.

वाचून झाल्यावर वहीत तीन उत्तरं:

- इथे देव किंवा येशू कसा दिसतो?
- इथली आज्ञा कोणाला, कोणत्या परिस्थितीत दिली होती?
- आज माझ्या घरात किंवा कामावर तिला जोडणारी जागा कोणती?

मधला प्रश्न गाळला की काय होतं ते एका ओळखीच्या वचनावर बघू. ३१ डिसेंबरच्या वॉचनाईटला, म्हणजे रात्रीच्या उपासनेला, नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलली आणि यिर्मया २९:११ निघालं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. चिठ्ठी फ्रिजवर चिकटते, स्टेटसला लागते आणि जूनपर्यंत प्रमोशन झालं नाही की देवावर रुसवा येतो.

आता पूर्ण अध्याय वाचा. हे यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळं परत येईल असं सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. यिर्मयाच्या पत्रात, अकराव्या वचनाच्या एकच वचन आधी, सत्तर वर्षांचा आकडा आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले पुष्कळ जण परकीय मातीतच मरणार होते. मग मधल्या काळात करायचं काय? तेही लिहिलेलं आहे, वचन ५ ते ७ मध्ये: घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

चिठ्ठीवर फक्त आश्वासन छापलेलं असतं, त्याला जोडलेली आज्ञा छापलेली नसते. नको असलेल्या गावी बदली झालेल्या माणसासाठी, सासरी मन न रमणाऱ्या मुलीसाठी, आखातात कॉन्ट्रॅक्टवर अडकलेल्यासाठी त्या अध्यायात खरं काम पाचव्या ते सातव्या वचनात आहे. ‘इथून सुटलो की जगायला लागेन’ हे वाक्य वहीत सापडलं तर हा अध्याय तुमच्यासाठीच आहे.

नेहमीच्या चुका:

*कुठलंही पान उघडून बोट ठेवणं.* त्यात आज्ञा मिळत नाही, शकुन मिळतो.

*वर्णनाला आज्ञा समजणं.* गिदोनाने लोकर पसरून दोनदा खूण मागितली हे शास्ते ६ मध्ये आहे, पण तुम्हीही तसं करा असं कुठेही म्हटलेलं नाही.

*वचन फॉरवर्ड केलं म्हणजे पाळलं असं वाटणं.* ही आजची सर्वांत मोठी फसगत आहे, माझ्या मते. सकाळी सहा वाजता दहा ग्रुपवर ‘एकमेकांवर प्रीती करा’ पाठवणारा माणूस साडेसहाला दूधवाल्यावर ओरडत असतो.

## टप्पा ४: एका वेळी एकच आज्ञा, तारखेसह

आता वहीतल्या तिसऱ्या उत्तरातून एक कृती काढा. तिला चार गोष्टी हव्यात: कोणासाठी, काय, कधी, आणि झाली की नाही हे दुसऱ्याला सांगता येईल का.

‘आईवडिलांचा मान राखेन’ ही कृती नाही. ‘रविवारी संध्याकाळी सात वाजता आईला फोन करेन, वीस मिनिटं, मध्ये घाई करणार नाही’ ही आहे. ‘प्रामाणिक राहीन’ ही नाही. ‘उद्याच्या प्रवासभत्त्याच्या बिलात रिक्षाचे खरे पंच्याऐंशी रुपयेच लिहीन’ ही आहे. ‘शत्रूवर प्रीती’ म्हणजे पार्किंगवरून वैर धरलेल्या शेजाऱ्याला आधी ‘नमस्कार’ म्हणणं, त्याने तोंड फिरवलं तरी.

शक्यतो चोवीस तासांच्या आत होईल अशीच कृती निवडा. मोठ्या व्रताच्या मागे लागू नका. एकवीस दिवसांचा उपवास जाहीर करून चौथ्या दिवशी वडापाव खाल्ला की अपराधीपणात महिना जातो. उपदेशक ५:५ स्पष्ट म्हणतो की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये.

‘देवाची माझ्या आयुष्यासाठी योजना काय?’ हा प्रश्नही इथेच ठेवायचा. नोकरी कोणती, लग्न कोणाशी, यासाठी माणसं वर्षभर प्रार्थना करतात. भाडेकरूची अनामत रक्कम परत करायची आहे, हे मात्र प्रार्थना न करताच माहीत असतं. माहीत असलेलं आधी करा. थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, असं लूक १६:१० मध्ये आहे.

> तपासणी: पंधरा दिवसांनी वही उघडा. ठरवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी कृती झाल्या असतील तर कृती मोठ्या आहेत, छोट्या करा. सगळ्याच झाल्या आणि एकदाही जिवावर आलं नसेल, तर सोयीच्याच आज्ञा निवडताय.

## टप्पा ५: गुपचूप

मत्तय ६:१-४ वाचा. महिन्यातून निदान एक कृती अशी करा जी कोणालाही कळणार नाही, नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. कुणाची फी भरायची, नाव कळू द्यायचं नाही. फोटो नाही, मंडळीत उभं राहून साक्षही नाही. ती वहीतही लिहू नका.

## टप्पा ६: जाब विचारणारा एक माणूस

एकट्याची वही महिन्याभरात बंद पडते. मंडळीतलं एक वयाने किंवा विश्वासाने मोठं माणूस निवडा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास मागा. त्याला एकच काम द्या: ‘गेल्या आठवड्यात ठरवलेलं केलंस का?’ एवढंच विचारायचं. निवडताना त्याचं भाषण बघू नका. त्याच्या घरची माणसं त्याच्याबद्दल काय बोलतात ते बघा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडलेली बरी.

सोबत रविवारची उपासना किंवा मिस्सा चुकवू नका. ऑनलाइन प्रवचनातला पास्टर तुम्हाला ओळखत नाही, त्यामुळे तो तुम्हाला टोकूही शकत नाही.

> सावधान: ‘माझी आज्ञा म्हणजे देवाची आज्ञा’ असं सुचवणारा, घरच्यांशी संबंध तोडायला लावणारा, औषधं बंद करायला सांगणारा किंवा आशीर्वादाच्या बदल्यात रक्कम मागणारा कोणीही असो, तिथून उठा. बिरुया गावातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंही शास्त्रात ताडून बघत होते आणि त्याबद्दल प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांना चांगलंच म्हटलं आहे.

घरात एकटेच विश्वासात आलेल्यांसाठी थोडं जास्त. सणावाराला काय करायचं हा प्रश्न पहिल्याच वर्षी येतो आणि दोन टोकांच्या चुका होतात: काहीतरी कारण काढून घरातून गायब होणं, किंवा ऐन पाहुण्यांसमोर वाद घालणं. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा तुम्ही विश्वासात आल्यावर रद्द झालेली नाही. घर आवरा, स्वयंपाकाला हात लावा, पाहुण्यांना वाढा, आजीला दवाखान्यात न्या. पूजा आणि प्रसादाबाबत १ करिंथकरांस पत्राचे ८ ते १० अध्याय या जाब विचारणाऱ्या माणसासोबत वाचून आधीच ठरवा आणि आईला सणाच्या चार दिवस आधी, स्वयंपाकघरात, शांतपणे सांगा. वर्षभर भांडी घासणाऱ्या मुलाचं ‘एवढं मी करणार नाही’ घर ऐकून घेण्याची शक्यता बरीच जास्त असते.

## टप्पा ७: कोरडे दिवस

दुसऱ्या महिन्यात कधीतरी सगळं यांत्रिक वाटायला लागतं. वाचन कोरडं, प्रार्थना छताला आपटून परत. यात काही बिघडलेलं नसतं. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

या दिवसांत वेळ कमी करा, क्रम मोडू नका. वीस मिनिटांची पाच झाली तरी चालतील. नवीन कृती न सुचली तर टप्पा २ मधलं राहिलेलं नाव घ्या.

शरीराकडेही बघा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. पुढचं काम त्याला त्यानंतर, होरेब डोंगरावर मिळतं. ‘मी एकटाच उरलोय’ हे त्याचं म्हणणंही तिथे खोडून काढलं जातं: अजून सात हजार आहेत.

> सावधान: दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर हा कोरडेपणा समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. त्याने विश्वास कमी ठरत नाही.

## तीन महिन्यांनंतर

आता हिशेब. ‘मला अर्थ सापडला का?’ असं स्वतःला विचारू नका, त्याचं उत्तर त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मधले नऊ शब्द एका कागदावर उतरवा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. कागद घरातल्या अशा माणसाला द्या जो तुम्हाला घाबरत नाही. कॉलेजातली मुलगी यासाठी उत्तम. यातलं काय वाढलंय आणि काय तसंच आहे, एवढंच तिला विचारा. ती सांगेल तेव्हा समजावून सांगायला जाऊ नका.

मग टप्पा १ चं पान काढून स्टेटमेंट आणि स्क्रीन टाइम शेजारी ठेवा. आकडे हलले असतील तर लूकचं शुभवर्तमान घ्या. हलले नसतील तर आज्ञा घराच्या एका कोपऱ्यापुरत्याच पाळल्या जात आहेत. मग मार्क पुन्हा पहिल्यापासून, आणि या खेपेला कृती पैशाच्या किंवा वेळेच्याच निवडायच्या. टप्पा २ मधलं जे नाव अजून खोडलेलं नाही, त्याच्यासमोर आजच तारीख घाला.